भाकीत खरे, मुदत खोटी

टेक्सासात १९ डिसेंबर १९०३ रोजी एका गावाचे प्लॉट लिलावात निघाले. गाव मात्र अजून वसायचे होते. डॅलसच्या पश्चिमेला, ट्रिनिटी नदीपलीकडच्या शेतीच्या मुलखात, जे. ओ. शुल्झ आणि ओटिस ब्राउन या दोघांनी आदल्या वर्षी ८० एकर जमीन घेऊन ठेवली होती. दोघेही रॉक आयलंड रेल्वेच्या नोकरीतले. डॅलसहून फोर्ट वर्थकडे जाणारा नवा लोहमार्ग कुठून जाणार, याचा अंदाज त्यांना इतरांपेक्षा आधी असणे ओघानेच आले. त्यांनी कागदावर रस्ते आखले, प्लॉट पाडले आणि गिऱ्हाइकांना बोलावले. जमीन शेताची होती, बोली स्टेशनाजवळच्या बाजारपेठेची लागली.

गावाचे नाव ठेवले अर्विंग. ब्राउन यांच्या पत्नी नेट्टा यांना वॉशिंग्टन अर्विंग हा लेखक फार आवडे, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. यात एक गंमत आहे. याच लेखकाने १८४० मध्ये फ्रान्समधल्या मिसिसिपी बुडबुड्यावर एक दीर्घ निबंध लिहिला होता. जॉन लॉ नावाच्या स्कॉटिश माणसाने १७१९-२० मध्ये लुइझियानाच्या न पाहिलेल्या संपत्तीच्या जोरावर अख्खे पॅरिस शेअरबाजाराच्या गल्लीत आणून उभे केले, त्याची ती हकिकत. चोहीकडे अपूर्व भरभराट असल्याचे सगळे एकमुखाने बोलू लागले की समजावे, वादळ जवळ आले आहे, असा त्या निबंधाचा सूर. उद्याच्या भरवशावर वसलेल्या गावाला नाव मिळाले ते असल्या भरवशाची खिल्ली उडवणाऱ्याचे.

अर्विंग आणि आसपासच्या पट्ट्यात उद्याची विक्री पुढे-मागे अनेकदा झाली. तिचा इतिहास वाचताना आपली एक ठरीव समजूत मोडते. ज्याने पैसे बुडवले तो भामटा आणि त्याने दाखवलेले स्वप्न खोटे, असे आपण धरून चालतो. इथे स्वप्न विकणाऱ्यांपैकी बरेच जण प्रामाणिक होते. त्यांनी वर्तवलेले भविष्यही बऱ्याच अंशी खरे ठरले. तरीही पहिल्या फळीत पैसे घालणारे बुडाले. भाकिताने दगा दिला नाही, मुदतीने दिला.

अर्विंगच्या जन्माआधी अर्धे शतक, तिथून काही मैलांवर, नदीकाठच्या चुनखडीच्या टेकाडांवर ला रेयुनियाँ नावाची वसाहत उभी राहिली होती. व्हिक्तोर कॉन्सिदेराँ हा फ्रेंच समाजवादी, शार्ल फूरिए या विचारवंताचा शिष्य. १८५३ मध्ये त्याने टेक्सासचा दौरा केला आणि परत जाऊन ‘ओ टेक्सास’ हे पुस्तक लिहिले. जमीन सुपीक, हवा गोड, मोल कवडीचे, पुढे रेल्वे येणार आणि भाव चढणार. सहकारी तत्त्वावर नवा समाज घडवायचा आणि भागधारकांना जमिनीच्या वाढत्या किमतीचा लाभही द्यायचा, अशी दुहेरी योजना होती. ध्येयवादी माणसालाही नफा हवा असतो, नफेखोरालाही आपण काही थोर करतो आहोत असे वाटायला हवे असते. दोघांचीही सोय त्यात होती. युरोपात कंपनी निघाली, शेअर विकले गेले.

१८५५ च्या उन्हाळ्यात सुमारे २०० लोक तिथे पोहोचले. त्यांत घड्याळजी होते, विणकर होते, संगीतकार होते. शेतकरी मोजके. जमीन पातळ आणि खडकाळ निघाली. १८५६ च्या मे महिन्यात अवेळी हिमलाट आली आणि पीक करपले. पाठोपाठ अवर्षण. दोन-तीन वर्षांत वसाहत मोडली. माणसे डॅलस नावाच्या शेजारच्या खेड्यात पांगली आणि तिथल्या कारागिरीला व कलाजीवनाला त्यांनी नवे वळण दिले. कॉन्सिदेराँचे भाकीत मात्र वाया गेले नाही. रेल्वे आली, जमिनीला सोन्याचा भाव आला. डॅलसमध्ये १९७८ साली उभ्या राहिलेल्या मनोऱ्याचे नावच रियुनियन टॉवर आहे. पण हे सगळे पाहायला तो भागधारक उरला नव्हता.

पुढचा प्रयोग १९६० च्या दशकातला आणि अस्सल टेक्सासी. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचे मालक क्लिंट मर्चिसन ज्युनियर यांना नवे स्टेडियम हवे होते. डॅलसच्या महापौरांशी जागेवरून पटेना, तेव्हा त्यांनी अर्विंगशी संधान बांधले. सुमारे साडेतीन कोटी डॉलरचे काम. पैसा उभा करण्याची युक्ती अशी की सीझनचे तिकीट हवे असेल तर प्रेक्षकाने आधी रोखे घ्यायचे. साध्या खुर्चीमागे २५० डॉलरचे, मैदानाच्या मध्याजवळच्या खुर्चीमागे १,००० डॉलरचे. रोखे विकत घेण्याआधी कुणी ताळेबंद पाहिला नसेल. माणूस खुर्ची घेत होता, आणि खुर्चीसोबत पुढच्या कित्येक रविवारांचा हक्क. वरच्या कक्षात श्रीमंतांसाठी खासगी खोल्या होत्या. त्या ५०,००० डॉलरना नुसत्या चार भिंती म्हणून विकल्या गेल्या, सजावट ज्याची त्याने करायची. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी टेक्सास स्टेडियम उघडले. कॉटन बोल या जुन्या मैदानावर स्वस्त तिकिटात बसणारा कष्टकरी प्रेक्षक इथे मागे पडला, ही तक्रार तेव्हाही झाली.

मर्चिसन यांचे पुढचे आयुष्य याच लेखाच्या विषयाला धरून आहे. तेल आणि जमिनीवरचे त्यांचे साम्राज्य कर्जावर उभे होते. १९८४ मध्ये त्यांनी संघ विकला, १९८५ मध्ये दिवाळखोरीत गेले, १९८७ मध्ये वारले. ज्यांनी संघ घेतला ते बम ब्राइट हेही डॅलसचे धनिक. त्यांच्या मालकीची बचत-कर्ज संस्था १९८९ च्या फेब्रुवारीत सरकारने ताब्यात घेतली, आणि त्याच महिन्यात त्यांनी संघ जेरी जोन्स यांना विकून टाकला. त्या घडीला ‘अमेरिकेचा संघ’ म्हणून मिरवणाऱ्या काउबॉइजमध्ये १२ टक्के हिस्सा केंद्र सरकारच्या ठेव विमा यंत्रणेकडे आलेला होता. म्हणजे करदात्याकडे. अर्थात करदात्याला खुर्ची मिळाली नाही.

सरकार फुटबॉल संघाचे भागीदार कसे झाले, हे कळायला अर्विंगच्या उत्तरेकडच्या माळावर जावे लागते. तिथे जॉन डब्ल्यू. कारपेंटर या वीज आणि विमा क्षेत्रातल्या बड्या माणसाने १९२८ पासून जमीन घेत मोठे कुरण राखले होते. घरच्यांनी त्याला दिलेले स्पॅनिश नाव ‘एल रांचितो दे लास कोलिनास’. १९५९ मध्ये ते गेले. त्यांचा मुलगा बेन कारपेंटर याच्यापुढे प्रश्न होता की शहर दाराशी आले आहे, आता तुकडे पाडून विकायचे की काही घडवायचे. शेजारीच डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ होऊ घातला होता, तो १९७४ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, बेन कारपेंटर यांनी लास कोलिनास जाहीर केले. सुमारे १२,००० एकरांवर एकाच आराखड्याने बांधायचे, कंपन्यांची मुख्यालये, हॉटेल, घरे आणि गोल्फची मैदाने असलेले शहर.

आराखडा आखणे सोपे. इलिनॉय किंवा न्यू यॉर्कमधल्या कंपनीच्या संचालकाला टेक्सासच्या पूरग्रस्त सखल भागात उभे करून ‘इथे तुमचा टॉवर’ असे सांगणे अवघड. कारपेंटर यांनी त्यावर वेगळा तोडगा काढला. त्यांनी शहराचा दागिना आधी घडवला. पुराचे पाणी अडवण्यासाठी बांध हवेच होते, त्यातून सुमारे १२५ एकरांचे लेक कॅरोलिन हे तळे झाले. तळ्याला जोडून व्हेनिसची आठवण करून देणारा मँडले कालवा, त्याच्या काठाने दगडी पायवाटा. आणि घोषणेनंतर तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, केनियात जन्मलेले शिल्पकार रॉबर्ट ग्लेन यांना काम दिले गेले. टेक्सासच्या रानटी घोड्यांचा कळप ओढा ओलांडतो आहे असे शिल्प. नऊ ब्राँझचे घोडे, खऱ्या घोड्याच्या दीडपट. १९८४ मध्ये ते विल्यम्स स्क्वेअर या चौकात बसले, आणि लास कोलिनास म्हटले की तेव्हापासून हेच चित्र डोळ्यांसमोर येते.

विक्रीच्या कलेतला हा फार जुना आणि फार खोल धडा आहे. भविष्य शब्दांनी पटत नाही. त्याचा एखादा तुकडा आज हाताला लागावा लागतो. शुल्झ-ब्राउनकडे रेल्वेचा मार्ग होता, मर्चिसन यांच्याकडे खुर्चीचा क्रमांक, कारपेंटर यांच्याकडे तळे आणि घोडे. एवढे पाणी आणि एवढे ब्राँझ ज्याने घातले, तो उरलेले शहर बांधणारच, असे बघणाऱ्याचे मन परस्पर ठरवून टाकते. उघड्यावर विजेच्या तारा नकोत, इमारतीच्या बाह्यरूपाला समितीची मंजुरी हवी, असले कडक नियमही याच हिशेबातले. किम्बर्ली-क्लार्क ही कागदी वस्तूंची कंपनी १९८५ मध्ये विस्कॉन्सिन सोडून अर्विंगला आली, ती असल्या खात्रीवर.

तळ्याचे, बांधाचे आणि रस्त्यांचे पैसे आले कुठून? मोठा वाटा डॅलस काउंटी युटिलिटी अँड रिक्लमेशन डिस्ट्रिक्ट या खास कर-यंत्रणेचा. टेक्सासात अशी व्यवस्था आहे की विकासाआधीच एक डिस्ट्रिक्ट स्थापावे, त्याने रोखे विकून पायाभूत कामे करावीत आणि पुढे तिथे जे येतील त्यांच्या मालमत्ता कराने ते कर्ज फेडावे. मुदत वाढली तर भार वाढतो आणि तो अजून न आलेल्या रहिवाशावर पडतो, ही त्यातली मेख. याच डिस्ट्रिक्टने शहराच्या मध्यभागात उंचावरून धावणारी स्वयंचलित छोटी रेल्वेही हाती घेतली. मूळ कल्पना सुमारे पाच मैलांची, प्रत्यक्षात १.४ मैल झाली, खर्च ४.५ कोटी डॉलर. १९८९ मध्ये ती सुरू झाली, १९९३ मध्ये बंद पडली, १९९६ मध्ये पुन्हा चालू. तिने ज्या गर्दीला वाहून न्यायचे, ती गर्दीच आली नव्हती.

कारण १९८० च्या दशकाच्या मध्यात टेक्सासचे भविष्य गरजेपेक्षा जास्त बांधले गेले होते. १९८० मध्ये अमेरिकी सरकारने ठेवींवरचा विमा ४०,००० वरून १ लाख डॉलरवर नेला. १९८२ च्या कायद्याने घरकर्जापुरत्या मर्यादित असलेल्या बचत-कर्ज संस्थांना व्यापारी बांधकामाचे दार उघडून दिले. टेक्सासचे राज्याचे नियम त्याहून सैल. दूरदूरच्या ठेवी दलालांमार्फत टेक्सासात वाहू लागल्या, कारण व्याज जास्त आणि बुडाले तर सरकार आहेच.

या पैशाने जे कर्जाचे रूप घेतले ते समजून घेण्यासारखे आहे. बिल्डरला जमिनीची पूर्ण किंमत मिळे, बांधकामाचा खर्च मिळे, त्याची फी मिळे, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांचे व्याजही त्याच कर्जातून बाजूला काढून ठेवले जाई. म्हणजे कर्जदाराने पदरचा एक डॉलर न घालता हप्ते वेळेवर भरलेले दिसत. संस्थेच्या वहीत कर्ज निरोगी, नफा भरघोस, संचालकांचा बोनस पक्का. खोट्या भविष्याला एवढी सोय पुरते. त्याला खरे व्हावे लागत नाही, काही काळ हप्ता चुकवायचा नसतो इतकेच.

प्रामाणिक आणि लबाड अशा दोघांनाही हेच कर्ज मिळत होते. डॅलसच्या पूर्वेला आंतरराज्यीय महामार्ग ३० च्या कडेने डॅनी फॉकनर आणि त्याच्या साथीदारांनी एकच जमीन एका दिवसात अनेक हातांतून चढत्या भावाने फिरवली, मूल्यांकन फुगवले आणि मेस्क्विट गावच्या एम्पायर सेव्हिंग्ज या संस्थेतून त्यावर कर्जे उचलली. बाजारात तुरी म्हणतात तशी ही गत, फक्त इथे तुरीवर कर्जही मिळत होते. १९८४ च्या मार्चमध्ये एम्पायरला टाळे लागले. तिच्या पैशाने झालेली अर्धवट कॉन्डोमिनियमे मैलोन्‌मैल ओसाड पडली होती. फॉकनर १९९१ मध्ये दोषी ठरला. अर्विंगच्या तळ्याकाठी असली लबाडी नव्हती. पण बाजार एकच होता, भाडेकरू तेच होते, आणि एम्पायरसारख्यांच्या पैशाने उभे राहिलेले प्रत्येक रिकामे ऑफिस लास कोलिनासचे भाडे खाली ओढत होते.

१९८५ च्या अखेरीस तेलाचा भाव पिंपामागे ३० डॉलरच्या आसपास होता. पुढल्या उन्हाळ्यात तो १० च्या जवळ आला. १९८६ च्याच करसुधारणेने इमारतींतल्या गुंतवणुकीवरच्या सवलती काढून घेतल्या. डॅलस परिसरात ऑफिसांची पाव भागाहून अधिक जागा रिकामी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत आरपार दिसणाऱ्या काचेच्या इमारती हा तेव्हा टेक्सासात विनोदाचा विषय झाला. राज्यातल्या दहा सर्वांत मोठ्या बँकांपैकी नऊ बुडाल्या किंवा दुसऱ्यांच्या हाती गेल्या. देशभरात १९८६ ते १९९५ या काळात १,००० हून अधिक बचत-कर्ज संस्था मोडल्या. निस्तरण्याचा खर्च सुमारे १६० अब्ज डॉलर झाला आणि त्यातला बहुतांश करदात्यांनी सोसला. लास कोलिनासही या लाटेत सापडले. दशक संपता संपता प्रकल्पाची सूत्रे कारपेंटर यांच्या हातून कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांकडे गेली.

आता विचित्र भाग. नेमक्या याच सुमाराला, १९८९ मध्ये, एक्सॉनने आपले मुख्यालय न्यू यॉर्कहून लास कोलिनासला हलवत असल्याचे जाहीर केले. जीटीई ही दूरध्वनी कंपनीही आली. कारपेंटर यांनी १९७३ मध्ये सांगितले होते ते अक्षरशः घडू लागले, आणि ते घडताना किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात होत्या. भाव पडल्यावर जे आले त्यांना बांध, तळे, कालवा आणि घोडे स्वस्तात मिळाले.

मराठी वाचकाला हे सगळे ऐकून मुंबईचा १८६४-६५ चा शेअरमॅनिया आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि दुवा नुसत्या साम्याचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे रोखली गेली, टेक्सासासह दक्षिणेतला कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. शहरात पैसा मावेना. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. त्यांत मानाची बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र हटवायचा. ५,००० रुपये भरणा झालेला तिचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्जे देत होती. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले, ती बातमी मुंबईला पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे हिशेब पुरे करायचे होते, त्या दिवशी शहर बुडाले. प्रेमचंद बुडाले, बँक गुंडाळावी लागली. त्यांच्या बहरातल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तेवढा १८७८ मध्ये पुरा झाला.

पण समुद्र हटवण्याची कल्पना वेडगळ होती का? १९२० च्या दशकात सरकारने ती पुन्हा हाती घेतली, पुन्हा पैशाची धूळधाण झाली, आणि खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर मांडला. त्यातूनच पुढे मरीन ड्राइव्ह झाला. नंतर जी जमीन निघाली तिला गंमत म्हणून नव्हे, रीतसर त्या टीकाकाराचेच नाव मिळाले, नरिमन पॉइंट. तिथली एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये झाली, लास कोलिनासच्या घोषणेनंतर वर्षभरात. १८६४ च्या भागधारकाचे गणित बरोबरच होते. फक्त त्याला ११० वर्षे थांबावे लागले असते, आणि त्याचा सावकार ११० दिवस थांबायला तयार नव्हता.

आज लास कोलिनास आणि व्हॅली रँच भागांत भारतीय कुटुंबांची दाट वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरे बरीच. एकता मंदिर अर्विंगमध्येच आहे. २०१४ च्या गांधी जयंतीला थॉमस जेफरसन पार्कमध्ये गांधीजींचा पुतळा उभा राहिला. पुणे-नागपूरकडून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेल्या माणसाला तळ्याकाठचा फेरफटका आवडतो. डिस्ट्रिक्टच्या हद्दीत घर घेतले असेल तर शहर, काउंटी आणि शाळेच्या करासोबत त्याचाही कर भरावा लागतो. ज्या काळात तो पुण्याच्या शाळेतही गेला नव्हता, त्या काळातल्या आशावादाचा हा हप्ता. टेक्सास स्टेडियम २०१० च्या ११ एप्रिलला सुरुंगाने पाडले गेले, संघ आर्लिंग्टनला गेला. एक्सॉनमोबिलचे मुख्यालय २०२३ मध्ये ह्यूस्टनकडे गेले, त्याच्या आदल्या वर्षी कॅटरपिलर अर्विंगला आली. येणे-जाणे चालूच राहते.

उत्तर टेक्सासात आता डेटा सेंटरांची बांधकामे जोरात आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे भविष्य सांगणाऱ्यांना श्रोते कमी नाहीत. ते भविष्य खरे ठरेल की नाही यावर वाद घालण्यात आपण फार वेळ घालवतो. अर्विंगचा आणि मुंबईचाही अनुभव सांगतो की तो वाद दुय्यम आहे. कुठल्याही प्रवर्तकाला तीन साधे प्रश्न विचारावेत. हे घडायला किती वर्षे लागतील? तोवरचे व्याज कोण आणि कशातून भरणार? आणि उशीर झाला तर तो कुणाच्या खात्यावर पडणार? पहिल्याचे उत्तर बहुधा चुकते, त्यात लबाडी नसते. दुसऱ्याचे उत्तर ‘कर्जातूनच’ असे आले, तर तिसऱ्याचे उत्तर आपणच असतो: ठेवीदार म्हणून, करदाता म्हणून, किंवा तीस वर्षांनी तिथे घर घेणारा परका रहिवासी म्हणून.